व्यायाम सायकलची ‘लेव्हल १’ किती जड असते? हार्ट फेल्युअरच्या रुग्णासाठी काही महिने वापरल्यानंतर

सर्व्हिसिंग होईपर्यंत या सायकलला चार तारे होते. आता दोनच, आणि तेही सीटचे.

वापर कशासाठी, ते थोडक्यात. पंपिंग कमी असलेलं हार्ट फेल्युअर, प्रकृती स्थिर, बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) आणि लघवीची गोळी चालू, स्ट्रेस टेस्ट करून डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटलेलं. सायकल सरळ बसायची, चुंबकी ब्रेकची, लेव्हल बटणावर बदलणारी. बाकीची माहिती खोक्यावर छापलेली असतेच.

झालं असं की पॅडल मारताना पट्टा घसरल्यासारखा आवाज येऊ लागला. कंपनीच्या माणसाने पट्टा ताणला आणि जाता जाता चुंबकाची केबलही कसली. जॉबशीटवर ‘रेझिस्टन्स ओके’ लिहिलं. त्यानंतर लेव्हल तीच, ५० आरपीएम (पॅडलचे मिनिटाला फेरे) तेच, स्क्रीनवर २० वॉट तेच. पण आधी पूर्ण वाक्य बोलता येत होतं, तिथे दोन शब्दांवर थांबून श्वास घ्यावा लागू लागला. व्यायाम किती कष्टाचा वाटतो ते आकड्यात सांगणाऱ्या बोर्गच्या ६ ते २० च्या पट्टीवर जो व्यायाम १२ वाटायचा, तो १५ वाटू लागला.

हार्ट फेल्युअरमध्ये असं झालं की पहिला संशय हृदयावर जातो, आणि जायलाच हवा. म्हणून आधी व्यायाम बंद आणि तपासणी सुरू. वजन ३ दिवसांत २ किलोहून जास्त वाढलंय का? घोट्यांवर सूज आहे का? रात्री झोपायला नेहमीपेक्षा जास्त उशा लागतात का? सपाट रस्त्यावर नेहमीच्या अंतरात दम लागतोय का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर सायकलीचा विषय तिथेच सोडून डॉक्टरांना फोन करायचा. इथे चारही उत्तरं ‘नाही’ होती. दम फक्त सायकलवर लागत होता. म्हणजे बिघाड यंत्रात.

स्क्रीनने हे का सांगितलं नाही? कारण या वर्गातल्या बहुतेक घरगुती सायकली वॉट मोजतच नाहीत. आत एक तक्ता भरलेला असतो: अमुक लेव्हल, अमुक आरपीएम, म्हणजे अमुक वॉट. चुंबक फ्लायव्हीलच्या, म्हणजे आतल्या जड चाकाच्या, किती जवळ आहे, पट्टा किती ताणलाय, बेअरिंग किती घासतंय, यातलं स्क्रीनला काहीच कळत नाही. केबल कसली की चुंबक चाकाजवळ सरकतो, खरा भार वाढतो आणि स्क्रीन जुनाच आकडा दाखवत राहते.

धडधाकट माणसाला १५-२० वॉटचा फरक जाणवतही नाही. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला तो का भोवतो, ते ढोबळ हिशोबाने पाहा. सायकलवर लागणारा ऑक्सिजन, किलोमागे मिनिटाला मिलिलिटरमध्ये, असा काढतात: वॉटला १०.८ ने गुणा, वजनाने भागा, त्यात ७ मिळवा. ६० किलो वजनाच्या माणसाला २० वॉटला साधारण १०.६ लागतो, ४० वॉटला १४.२. आता ज्याची कमाल क्षमताच १४ आहे, आणि हार्ट फेल्युअरमध्ये हा आकडा मुळीच दुर्मीळ नाही, त्याच्यासाठी २० वॉट म्हणजे तीन-चतुर्थांश जोर आणि ४० वॉट म्हणजे सगळा जोर. जाहिरातीत ३२ लेव्हल असल्याचं छापतात. या रुग्णाला वरच्या तीसचा काडीचाही उपयोग नाही. त्याला हवी असते खरोखर हलकी पहिली लेव्हल, आणि ती किती वॉटची आहे हे माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं.

यावर घरच्या घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे. सगळ्यात खालच्या लेव्हलला ६० आरपीएमवर या, पाय थांबवा आणि आतलं चाक फिरल्याचा आवाज पूर्ण बंद होईपर्यंतचे सेकंद मोजा. पाय थांबवल्यावर चाक मोकळं फिरत राहणाऱ्या सायकललाच ही चाचणी लागू पडते. चाचणी घरातल्या निरोगी माणसाने करायची. तीन वेळा मोजून सरासरी सायकलच्या दांड्यावर लिहून ठेवा. सेकंद कमी झाले म्हणजे ओढ वाढली. यातून वॉट कळत नाहीत, पण कालच्यापेक्षा आज यंत्र जड झालंय का, ते कळतं. पॅडलला वजन टांगून बघायचा उपाय काही जण सुचवतात. त्याने फक्त पट्टा आणि बेअरिंगचं घर्षण कळतं, कारण चुंबकी ब्रेक चाक फिरत असतानाच रोखतो, थांबलेल्या चाकावर त्याचा जोर शून्य असतो.

दुरुस्ती तशी सोपी आहे. प्लग काढा, बाजूचं प्लास्टिक कव्हर उघडा. चुंबकाच्या पट्टीला एक स्क्रू आणि त्यावर लॉक नट असतो. नट सैल करून स्क्रू अर्धा फेराच फिरवा, नट कसा, पुन्हा चाक फिरवून सेकंद मोजा. जुन्या सेकंदांवर आलं की थांबा. वॉरंटी असेल तर हे कंपनीच्या माणसांकडूनच करून घ्या आणि त्यांच्यासमोरच सेकंद मोजा. कंपनीचं म्हणणं काय, तर ‘लेव्हल एक ही लेव्हल एकच असते’. हे उत्तर चूक आहे, आणि आजारी माणसांना सायकल विकणाऱ्यांनी असं उत्तर देणं अक्षम्य आहे. व्यायाम सायकलींच्या मानकात अचूकतेचे वर्ग असतात. घरगुती वापराच्या ‘एचए’ वर्गात ५० वॉटपर्यंत ५ वॉट इकडेतिकडे चालतात, ‘एचसी’ वर्गात वॉटच्या अचूकतेची हमीच नाही. ही सायकल ‘एचसी’ आहे, स्टिकर खाली पायाजवळ आहे. आणि ‘एचए’मध्येसुद्धा २० दाखवलेले वॉट १५ ते २५ यांपैकी काहीही असू शकतात, हे विसरू नका.

आता नाडीच्या प्रोग्रॅमबद्दल. सुरुवातीच्या मतात याच गोष्टीचं सर्वात जास्त कौतुक होतं: छातीचा पट्टा लावा, नाडीचं लक्ष्य द्या, सायकल भार आपोआप कमीजास्त करेल. ते मत आता पूर्ण बदललंय. सायकल लक्ष्य काढते २२० वजा वय या सूत्राने. ६० वर्षांच्या माणसाला कमाल १६०, त्याचे ७० टक्के म्हणजे ११२. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी स्ट्रेस टेस्टमध्ये सगळा जोर लावूनही ११० ला थांबू शकते. मग होतं काय? नाडी ११२ ला पोचत नाही, यंत्राला वाटतं माणूस आळस करतोय, आणि ते भार वाढवत जातं. हा प्रोग्रॅम बंदच ठेवा.

खरं लक्ष्य रुग्णाच्या स्वतःच्या, औषधं चालू असताना केलेल्या चाचणीवरून काढायचं असतं. बसल्या जागी नाडी ६०, चाचणीतली कमाल ११०, मधला फरक ५०. त्याचे ४० टक्के मिळवले की ८०, ७० टक्के मिळवले की ९५. काम या १५ ठोक्यांच्या पट्ट्यात. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) असेल तर नाडीचा आकडा बाजूलाच ठेवा, मनगटावरची घड्याळं त्यात ठोके चुकवतात. तिथे बोर्गची ११ ते १४ ही पट्टी आणि बोलता येतंय का, हीच मोजमापं. छातीत आयसीडी (ठोके धोकादायक वाढले की शॉक देणारं यंत्र) बसवलेला असेल तर तो ज्या ठोक्यांना शॉक द्यायला जागा होतो, त्याच्या १० ते २० ठोके खालीच राहायचं. तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

एका बाबतीत मात्र साधा चुंबकी ब्रेक वॉट कायम ठेवणाऱ्या महागड्या अर्गोमीटरपेक्षा (मोजून भार देणाऱ्या सायकलपेक्षा) दयाळू आहे. वेग कमी झाला की चुंबकाचा विरोधही कमी होतो, म्हणून ६० वरून ५० आरपीएमला आलात तर ब्रेकवरचा भार जवळपास ३० टक्क्यांनी उतरतो. दमलेला माणूस आपसूक हळू होतो आणि सायकल त्याला सोडते. वॉट कायम ठेवणारं यंत्र उलटं वागतं: पाय मंदावले की पॅडल जड करतं. तसं यंत्र असेल तर दम लागताच वेग नाही, वॉट कमी करा.

हँडलकडे दुकानात कोणी बघत नाही. ते खाली असेल तर माणूस वाकून बसतो, पोटावर दाब येतो, आणि हार्ट फेल्युअरमध्ये नुसतं वाकल्यानेही अर्ध्या मिनिटात धाप लागू शकते. ती धाप व्यायामाची समजून बरेच जण व्यायाम सोडतात. पाठ सरळ राहील इतकं हँडल वर घ्या, पॅडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट ठेवा, आणि बुटांची लेस सायकलवर बसण्यापूर्वी खुर्चीत बसून पाय वर घेऊन बांधा. या सायकलची सीट रुंद आहे आणि मधला दांडा खाली आहे, चक्कर येणाऱ्याला चढता-उतरता येतं. ते दोन तारे याचेच.

टायमर शून्यावर आला की ही सायकल पीं पीं करून स्क्रीन गोठवते आणि माणूस पटकन पाय थांबवून उतरतो. हे धोक्याचं आहे. पायांच्या रक्तवाहिन्या व्यायामाने रुंदावलेल्या असतात, वर औषधांनीही रुंदावलेल्या असतात, पाय थांबले की रक्त तिथेच साचतं आणि रक्तदाब घसरतो. म्हणून १५ मिनिटांचा व्यायाम असेल तर टायमर २५ चा लावायचा: ५ मिनिटं सुरुवातीला अगदी हळू, ५ ते शेवटी तसंच. उतरण्याआधी मिनिटभर सीटवर बसून राहायचं.

अगदी अशक्त माणसाने २ मिनिटं पॅडल, १ मिनिट विश्रांती असं ५-६ वेळा करावं. आधी मिनिटं वाढवायची, मग आठवड्याचे दिवस, भार सर्वात शेवटी. ताप, नवी सूज, अनियमित धडधड किंवा बसल्या जागी धाप असेल त्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही.

२००९ साली हार्ट फेल्युअरच्या २,३३१ रुग्णांवरचा एचएफ-ॲक्शन हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आधी ३६ सत्रं देखरेखीखाली आणि मग घरी, आठवड्यातून ५ दिवस ४० मिनिटं असा बेत होता. व्यायाम सुरक्षित ठरला, फायदा माफक दिसला, आणि घरी गेल्यावर बहुतेकांना ठरलेली मिनिटं गाठता आली नाहीत. देखरेखीखालची सत्रं वगळून थेट सायकल विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बोर्गची पट्टी वापरायला शिकायची ती तिथेच.

घ्यायचीच असेल तर दुकानात पहिल्या लेव्हलला ५० आरपीएमवर तीन मिनिटं चालवून, बोलत बोलत बघा. ‘एचए’चा स्टिकर मागा. खालचा भार किती वॉट, हे लेखी मागा. आणि सर्व्हिसिंगवाला चुंबकाच्या केबलला हात लावणार असेल तर आधी दांड्यावर लिहिलेले सेकंद त्याला दाखवा.