कानाचं मशीन: आठ महिने वापरल्यावर

भाद्रपदात मशीन घेतलं. पहिला महिना एकाच कानाला लावलं, दुसरं जपून ठेवलं. ती चूक होती. नात मागून हाक मारायची आणि मी दाराकडे पाहायचो. "आबाजी, मी इकडे आहो ना!" आवाजाची दिशा मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो. आवाज दोन्ही कानांशी पोचण्यात जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाचं अंतर पडतं, तेवढंही त्याला पुरतं. आता दोन्ही लावतो. हाक विहिरीवरून आली की गोठ्यातून, ते कळतं.

चार्जिंगचा त्रास नाही. रात्री लावलं की दिवस निघतो.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मात्र फार वाईट वाटलं. टिनाचं छत, फरशी, उघड्या भिंती. मागची भिंत माझ्यापासून वीस फुटांवर, म्हणजे तिथून परतणारा आवाज सुमारे ३५ मिलिसेकंद उशिरा येणार. असा एखादा पडसाद मेंदू पोटात घालतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली ते मोजून दाखवलं. पण तिथे पडसादावर पडसाद चढत होते. आधीच्या शब्दातला 'आ' घुमत राहतो आणि पुढच्या शब्दाचा बारीक 'स' त्याखाली गाडला जातो. ठेक्याचे साठ हजार मला आठ हजार ऐकू आले, आणि मी भर सभेत त्यावरून भांडलो.

'समोरचं ऐका' हा प्रोग्राम लावून पाहिला. माझ्या प्रत्येक मशीनमध्ये दोन माइक आहेत, त्यांच्यातल्या वेळेच्या फरकावरून मागचा आवाज दबतो. चौकात, बाजारात छान चालतं. घुमणाऱ्या हॉलमध्ये पडसाद समोरूनही येतात, ते मशीन कसं गाळणार? बोलणाऱ्यापासून सहा फुटांवर बसलो तेव्हाच शब्द सुटे झाले, कारण जवळ गेलं की थेट आवाज वाढतो, घुमणारा तेवढाच राहतो.

आणि घरातली ती स्लॅबची खोली! एरवी तिथे बोलणं भांड्यात बोलल्यासारखं. वेचणीनंतर कापूस छातीएवढा भरला, आणि दारात उभी राहून बायको हळू बोलली तरी अक्षर न् अक्षर कळत होतं. कापसाने घुमणं गिळलं होतं. फेब्रुवारीत गाडी भरून गेली, खोली पुन्हा घुमू लागली.

आता तिथल्या दोन भिंतींवर जाड वाकळी टांगल्या आहेत. कापसाची सर नाही, पण संध्याकाळी नात तिथे बसून धडा वाचते आणि मी तिचा 'स' नि 'श' वेगळा ओळखतो.