इंकजेट प्रिंट: स्प्रे मारावा की कोल्ड लॅमिनेशन?

सोलापुरात मे महिन्याचं चाळिशीपारचं ऊन आणि धूळ, दोन्ही फोटोच्या मुळावर. धुळीपुरतं बोलायचं तर कोल्ड लॅमिनेशन, म्हणजे उष्णता न देता चिकटवलेली पारदर्शक फिल्म, सरस: ओल्या फडक्यानं पुसा, ओरखड्यांची चिंता कमी. दुकानाच्या भिंतीवर तेच लावा. मात्र फिल्म परत निघत नाही, आणि शाई कच्ची असेल तर बुडबुडे ठरलेलेच.

आर्ट पेपर किंवा कॅनव्हास असेल तर संरक्षक वार्निशचा स्प्रेच, कारण पोत झाकला जात नाही. छापल्यावर २४ तास वाळवा, मऊ ब्रशनं धूळ झाडा. डबा दोन मिनिटं हलवून साधारण २५ सेंमीवरून फवारा. हात कडेबाहेर सुरू होऊन कडेबाहेरच थांबावा. पहिला थर आडवा, वाळल्यावर दुसरा उभा, मग तिसरा. सगळे पातळ, घाईनं जाड मारला की ओघळ आलाच. भर दुपारी थेंब हवेतच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो, पावसाळी दमटपणात पांढरट झाक येते. उन्हाळ्यात सकाळी लवकर उरका, मोकळ्या हवेत, मास्क लावून.

डाय शाईला (विरघळलेल्या रंगाची) हवेतला ओझोन वायू लवकर खातो, म्हणून तिला स्प्रेचा फायदा जास्त; पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची) मुळातच टिकाऊ. थेट उन्हात मात्र स्प्रे मारलेल्या फोटोचाही रंग उडतो.