स्कीइंगमधून एक दिवस हॉलसाठी काढाच

ऑस्ट्रियात इन्सब्रुकला स्कीइंग करून पाय भरून आले, की सरळ शेजारचं हॉल हे गाव गाठा. लोकलने जेमतेम दहा मिनिटं. मिठावर श्रीमंत झालेलं गाव, जुनी वस्ती अजून शाबूत. मला सगळ्यात आवडली ती हासेग किल्ल्यातली टांकसाळ. १४८६ मध्ये चांदीचं मोठं गुल्डिनर नाणं इथेच पाडलं गेलं. पुढे पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या रुळांतून चांदीची पट्टी जायची आणि ठसे उमटायचे. त्या अवाढव्य लाकडी यंत्राची प्रतिकृती समोर उभी आहे. मी तिथून हलेचना! किल्ल्याच्या मनोऱ्याला पायऱ्या बऱ्याच, गुडघे दुखत असतील तर सोडा. गल्ल्या दगडी, चढाच्या. बर्फात घट्ट पकडीचेच बूट घाला. संग्रहालयाच्या हिवाळी वेळा मात्र आधी बघून निघा.