पूर्णांकाचा घात काढण्याच्या पद्धती: स्टँडर्ड लायब्ररीसाठी कोणती निवडावी?

पूर्णांकाचा घात काढणारे फंक्शन एखाद्या भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत घालायचे, किंवा आधीचे फंक्शन अधिक वेगवान करायचे असे ठरले की बहुतेकांना एकच उपाय आठवतो: घातांक बायनरीत लिहावा, पायाचा वर्ग करत जावे आणि जेथे बिट १ असेल तेथे गुणावे. हा उपाय फार जुना आहे. २ चा घात काढताना घातांक निम्मा करत नेण्याची रीत पिंगलाच्या छंदःशास्त्रातही आढळते. उपायात चूक काहीच नाही. मात्र त्याची कीर्ती गुणाकारांच्या संख्येवर उभी आहे आणि प्रत्येक गुणाकाराला सारखाच वेळ लागत असेल तरच ही संख्या खरे माप ठरते. लायब्ररीच्या लेखकासमोर प्रत्यक्षात तीन निरनिराळी कामे असतात: ३२ किंवा ६४ बिटांच्या ठरावीक रुंदीच्या पूर्णांकांचा घात, मेमरी पुरेल तेवढ्या मोठ्या पूर्णांकांचा घात आणि एखाद्या संख्येने भागून उरणाऱ्या बाकीपुरता घात. या तिन्हींत गुणाकाराची किंमत वेगवेगळ्या रीतीने ठरते, म्हणून पुढील तुलना कामांच्या क्रमाने केली आहे.

त्याआधी स्पर्धक पद्धती नोंदवू. पायाने पुन्हा पुन्हा गुणत जाणाऱ्या साध्या लूपला घातांकापेक्षा एक कमी इतके गुणाकार लागतात. बायनरी पद्धतीला घातांकातील बिटांची संख्या अधिक त्यांतील १ ची संख्या वजा २ इतके गुणाकार लागतात. ती उजवीकडच्या बिटापासून किंवा डावीकडच्या बिटापासून चालवता येते आणि दोन्हींत आकडा तोच येतो. खिडकी पद्धतीत काही लहान घात आधी काढून ठेवतात आणि घातांकाचे चार-पाच बिट एकदम हाताळतात. बेरीज-साखळीच्या पद्धतीत त्या विशिष्ट घातांकासाठी गुणाकारांचा सर्वांत लहान क्रम शोधतात. घातांक १५ असता साध्या लूपला १४ गुणाकार लागतात, बायनरी पद्धतीला ६, तर आधी घन काढून त्याचा पाचवा घात घेतल्यास ५ पुरतात. बायनरी पद्धत सर्वोत्तम ठरत नाही असा १५ हा सर्वांत लहान घातांक आहे.

फ्लोटिंग पॉइंटचा आडमार्ग

सी भाषेच्या गणित लायब्ररीतील 'पॉव' हे फंक्शन फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे मर्यादित अचूकतेने साठवलेल्या दशांश संख्यांसाठी आहे, आणि भाषेत पूर्णांकांसाठी वेगळे फंक्शन नसल्यामुळे अनेक जण तेच वापरून उत्तराचे पूर्णांकात रूपांतर करतात. अशा संख्यांच्या नेहमीच्या 'डबल' प्रकारात ५३ बिटांची अचूकता असते. ३ चा ३४ वा घात १६६७७१८१६९९६६६५६९ आहे. तो २ च्या ५३ व्या घातापेक्षा मोठा आणि विषम असल्याने डबलमध्ये मावतच नाही, आणि उत्तर किमान एकाने चुकते. संख्या लहान असली तरी धोका पूर्ण टळत नाही, कारण फंक्शनचे उत्तर १०० पेक्षा केसभर कमी आले आणि रूपांतरात अपूर्णांक छाटला गेला, तर हाती ९९ उरतात. वेगाचा विचार येथे करण्याचे कारणच नाही. पूर्णांकांच्या फंक्शनसाठी हा पर्याय वगळावा.

ठरावीक रुंदीचे पूर्णांक

येथे एक साधे निरीक्षण बरेच वाद मिटवते. पाया २ किंवा अधिक असेल आणि उत्तर चिन्हरहित (ऋण संख्या न धरणाऱ्या) ६४ बिटांत मावायचे असेल, तर घातांक ६३ च्या पुढे जाऊच शकत नाही. पाया ३ असेल तर मर्यादा ४० आणि १० असेल तर १९. म्हणजे ओव्हरफ्लो न होणाऱ्या, म्हणजेच उत्तर ठरलेल्या बिटांत मावणाऱ्या, कोणत्याही गणनेत बायनरी पद्धतीला जास्तीत जास्त १० गुणाकार लागतात, आणि तेही पाया २ असतानाच. ३ किंवा मोठ्या पायाला ८ पुरतात. खिडकी पद्धतीचा तक्ता तयार करण्यातच यातले बरेचसे गुणाकार खर्ची पडतील. बेरीज-साखळीने ६३ वा घात ८ गुणाकारांत निघतो (आधी सातवा, मग त्याचा नववा), पण ती साखळी प्रोग्रॅम चालू असताना कोठून तरी वाचावी लागेल आणि त्या वाचनाला दोन गुणाकारांपेक्षा कमी वेळ लागेल याची खात्री नाही. माझ्या मते या कामासाठी दोन्ही पद्धती बाद समजाव्यात.

मग उरतो तो बायनरी पद्धतीच्या दोन दिशांमधला निर्णय. आजच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांवर ६४ बिटांच्या गुणाकाराचे उत्तर साधारण ३ क्लॉक सायकलींनी (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांनी) मिळते, पण आधीच्या उत्तरावर अवलंबून नसलेला नवा गुणाकार पुढच्याच सायकलीला सुरू करता येतो. उजवीकडून चालणाऱ्या पद्धतीत 'संचित उत्तराला पायाच्या चालू घाताने गुणणे' आणि 'त्या चालू घाताचा वर्ग करणे' ही दोन कामे परस्परांवर अवलंबून नसतात, त्यामुळे ती जवळजवळ एकाच वेळी उरकतात. डावीकडून चालताना मात्र प्रत्येक गुणाकार आधीच्या उत्तराची वाट पाहतो, शिवाय सर्वांत डावीकडचा १ कोठे आहे हे आधी शोधावे लागते. म्हणून ठरावीक रुंदीसाठी उजवीकडची दिशा निवडावी.

या दिशेत एक खोच आहे, आणि ती अनेक हाताने लिहिलेल्या लूपांत सापडते. शेवटचा बिट हाताळून झाल्यावरही लूप एकदा अधिकचा वर्ग करतो. उत्तरावर त्याचा परिणाम होत नाही, पण ओव्हरफ्लो तपासला जात असेल तर खोटा इशारा मिळतो: ३२ बिटांत १० चा आठवा घात सहज मावतो, तरीही असा लूप शेवटी १० चा सोळावा घात काढायला जातो आणि गणना फसल्याचे जाहीर करतो. रस्ट भाषेच्या लायब्ररीत हा शेवटचा बिट मुद्दाम वेगळा हाताळलेला आहे. वर्ग करण्याआधीच बाहेर पडणारा लूप लिहिला की पुढे चिंता उरत नाही, कारण त्यानंतर कोणतीही मधली संख्या अंतिम उत्तरापेक्षा मोठी होत नाही. चिन्ह सोडून २ पेक्षा लहान असलेल्या पायाच्या, म्हणजे ०, १ आणि –१ च्या बाबतीत तर प्रश्नच येत नाही.

बिट १ आहे की ० या तपासणीचा (शाखेचा) निकाल प्रोसेसर आधीच अंदाजाने धरून पुढे जातो; तो अंदाज चुकला तर पंधरा-वीस सायकली वाया जातात, म्हणजे पाच-सहा गुणाकारांची किंमत एका चुकीत जाते. म्हणून दर फेरीत गुणाकार करूनच टाकावा आणि बिट पाहून जुने किंवा नवे उत्तर निवडावे, अशी शाखाविरहित रचना कधी कधी अधिक जलद ठरते. घातांक यादृच्छिक असतील तेथे ती लाभते. एकच घातांक वारंवार येत असेल तर प्रोसेसरचा अंदाज बरोबर येत राहतो आणि जास्तीचा गुणाकार नुसताच भार होतो. ओव्हरफ्लो तपासणाऱ्या आवृत्तीत न निवडलेल्या गुणाकाराचा ओव्हरफ्लो दुर्लक्षित करण्याची काळजी घ्यावी लागते, आणि त्या गुंतागुंतीमुळे मी तेथे साधी शाखाच ठेवेन.

गुंडाळणाऱ्या अंकगणितात, म्हणजे उत्तराचे फक्त खालचे ६४ बिट ठेवायचे असतील तेथे, घातांकाला ६३ ची मर्यादा उरत नाही. ३२ बिटांच्या घातांकाला ६२ गुणाकारांपर्यंत लागू शकतात. तरीही लूप तोच पुरतो.

कंपायलरला आधीच माहीत असलेले आकडे

प्रत्यक्ष प्रोग्रॅमांत घात बहुधा वर्ग, घन, २ चा घात किंवा १० चा घात यांपैकी एक असतो, त्यामुळे सुधारणेचा सर्वाधिक लाभ येथे मिळतो असे मला वाटते. घातांक स्थिर असेल आणि फंक्शन इनलाइन होत असेल (त्याचा कोड वापराच्या जागीच बसवला जात असेल), तर कंपायलर लूप उलगडून केवळ गुणाकार उरवतो. ज्यूलियात लिखित घातांकांसाठी वेगळा मार्गच ठेवलेला आहे. पाया २ किंवा त्याचा घात असेल तर सर्व काम एका शिफ्टने, म्हणजे बिट डावीकडे सरकवून, होते. परंतु 'पाया २ चा घात आहे का' ही तपासणी प्रोग्रॅम चालू असताना केली तर तिचा भुर्दंड इतर सर्व पायांना पडतो. मूल्य कंपाइल होतानाच ठाऊक आहे का, हे विचारण्याची सोय जीसीसी आणि एलएलव्हीएम या दोन्ही कंपायलरांत आहे. तिचा आधार घेऊन वेगळा मार्ग ठेवल्यास इतरांना काहीच किंमत मोजावी लागत नाही. मात्र शिफ्ट आंधळेपणाने वापरू नये: एक्स८६ प्रोसेसरवर ६४ बिटांच्या शिफ्टचा आकडा खालच्या ६ बिटांपुरताच पाहिला जातो, त्यामुळे १ ला ६४ ने सरकवल्यास ० ऐवजी १ मिळतो.

१० च्या घातांसाठी २० नोंदींचा, म्हणजे १६० बाइटांचा तक्ता पुरतो. संख्या मजकुरात छापणाऱ्या विभागाला तो असाही लागतो. तो अंतर्गत ठेवावा. सर्वसाधारण फंक्शनमध्ये 'पाया १० आहे का' असे विचारत बसू नये.

अमर्याद मोठे पूर्णांक

येथे चित्र उलटते. उत्तराची लांबी दर वर्गाला दुप्पट होते, म्हणून खर्च शेवटच्या एक-दोन पायऱ्यांत साचतो. शाळेतील रीतीने गुणाकार केल्यास लांबी दुप्पट झाली की खर्च चौपट होतो, त्यामुळे सर्व वर्गांच्या एकूण खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग एकट्या शेवटच्या वर्गाचा असतो. त्याआधीचे दहा गुणाकार वाचवले तरी हाती फारसे लागत नाही.

याच हिशोबातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. पायाने एक पूर्ण मशीन-शब्द (प्रोसेसर एकदम हाताळतो तेवढे, सहसा ६४, बिट) व्यापला असेल आणि गुणाकार शाळेच्या रीतीचा असेल, तर साध्या लूपला घातांकाच्या वर्गाच्या निम्म्याइतके शब्द-गुणाकार लागतात, आणि वर्ग करण्याची बचत धरून बायनरी पद्धतीला त्याच वर्गाच्या साधारण एक-षष्ठांश. म्हणजे 'लॉगॅरिदमी' म्हणून गाजलेल्या पद्धतीचा लाभ येथे केवळ तिप्पट! पाया ३ सारखा चिमुकला असेल तर साधा लूप खूपच मागे पडतो, कारण तो प्रत्येक वेळी पूर्ण शब्द-गुणाकार खर्चून दीड बिटानेच पुढे सरकतो. मोठ्या आकारांवर खरी झेप कारात्सुबाच्या, म्हणजे शाळेच्या रीतीपेक्षा कमी शब्द-गुणाकारांत काम भागवणाऱ्या, किंवा त्याहून वेगवान गुणाकाराची आहे. बायनरी पद्धत मोठ्या संख्यांचे वर्ग घडवून आणते म्हणून त्या गुणाकारांना काम मिळते. लायब्ररीत वेगवान गुणाकार आणि स्वतंत्र वर्ग-फंक्शन नसेल, तर घाताच्या फंक्शनवर मेहनत घेण्याआधी ती दोन लिहावीत.

दिशेचा निर्णयही येथे फिरतो. डावीकडून चालताना मधला गुणाकार नेहमी मूळ, लहान पायाने होतो आणि तो स्वस्त असतो. उजवीकडून चालताना दोन अवाढव्य संख्या एकमेकींना गुणाव्या लागतात. म्हणून मोठ्या पूर्णांकांसाठी डावीकडची दिशा निवडावी. पायथनच्या मूळ अंमलबजावणीत, सीपायथनमध्ये, लहान घातांकांसाठी हीच आहे आणि फार मोठ्या घातांकांसाठी खिडकी पद्धत. सम पायातील २ चे अवयव आधी बाहेर काढणे ही आणखी एक फायद्याची युक्ती असून जावाच्या बिगइंटिजरमध्ये ती वापरलेली आहे: १० चा हजारावा घात ३३२२ बिटांचा असतो, पण ५ चा हजारावा घात २३२२ बिटांचाच, आणि उरलेले १००० बिट एका शिफ्टने भरून निघतात.

बाकीपुरता घात

दर गुणाकारानंतर बाकी घेतली की संख्यांची लांबी वाढत नाही, प्रत्येक गुणाकाराची किंमत जवळपास स्थिर राहते, आणि गुणाकार मोजण्याला पुन्हा अर्थ येतो. २०४८ बिटांच्या यादृच्छिक घातांकाला बायनरी पद्धतीत २०४७ वर्ग आणि सरासरी सुमारे १०२३ गुणाकार लागतात. पाच बिटांच्या सरकत्या खिडकीत वर्ग तेवढेच राहतात, पण तक्त्याची १६ पदे धरूनही इतर गुणाकार साधारण ३६० वर येतात. एकूण बचत पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक होते. विषम भाजकासाठी १९८५ मध्ये पीटर माँटगोमेरी यांनी मांडलेली रीत भागाकारच टाळते, त्यामुळे ती खिडकीच्या जोडीने घ्यावी. हे फंक्शन नेहमीच्या घाताहून वेगळे द्यावे, किंवा पायथनप्रमाणे तिसऱ्या आर्ग्युमेंटने द्यावे. आधी पूर्ण घात काढून मग बाकी घेणे येथे अशक्यप्राय असते.

मात्र सांकेतिक लेखनाच्या (एन्क्रिप्शनच्या) गुप्त चाव्यांसाठी असे सर्वसाधारण फंक्शन योग्य नाही. लागलेल्या वेळावरून गुप्त घातांक ओळखता येतो हे पॉल कोचर यांनी १९९६ मध्ये दाखवले. गो भाषेच्या मोठ्या पूर्णांकांच्या पॅकेजमध्येही ही गणना स्थिर वेळात होत नसल्याची स्पष्ट सूचना आहे. तशी सूचना आपल्याही दस्तऐवजात लिहावी.

ऋण घातांक आणि ओव्हरफ्लो

वेगाइतकेच महत्त्वाचे निर्णय येथे आहेत, आणि ते नंतर बदलता येत नाहीत. ऋण घातांक दिल्यास पायथन फ्लोटिंग पॉइंट उत्तर देते, रुबी परिमेय संख्या देते, जावास्क्रिप्टचे बिगइंट त्रुटी देते, आणि रस्टमध्ये घातांक मुळातच चिन्हरहित आहे. ज्यूलियात तर २ चा –१ वा घात लिखित स्वरूपात ०.५ येतो, पण तीच –१ चलातून आल्यास त्रुटी येते. स्थिर प्रकारांच्या भाषेसाठी चिन्हरहित घातांक मला सर्वांत स्वच्छ वाटतो. ओव्हरफ्लोसाठी तपासणारे, गुंडाळणारे आणि टोकाला (मावणाऱ्या सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत लहान संख्येवर) थांबणारे अशी वेगळी फंक्शने द्यावीत. थांबणाऱ्यात टोक कोणते हे पायाचे चिन्ह आणि घातांकाचा विषमपणा पाहून ठरते.

पद्धत कोणतीही निवडली तरी पहिल्या चाचण्या याच असाव्यात: ० चा शून्यावा घात १ येतो का, चिन्हयुक्त ६४ बिटांत –२ चा ६३ वा घात ओव्हरफ्लोची तक्रार न करता मिळतो का, ३२ बिटांत १० चा आठवा घात मिळतो आणि दहावा नाकारला जातो का, आणि –१ ला सर्वांत मोठा विषम घातांक दिल्यावर –१ च येतो का.