लेकीच्या पहिल्या सीएनजी गाडीचे दहा महिने

पंपावर पाऊण तास रांगेत काढल्यावर आमचा नंबर लागला, सगळे गाडीतून खाली उतरले, आणि गॅस भरणाऱ्या मुलाने नोझल लावण्याआधी टाकीच्या चाचणीची पाटी वाचून हात मागे घेतला. टाकीच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतल्या जाणाऱ्या चाचणीची, मुदत जुलैतच संपली होती. दर 3 वर्षांनी ही चाचणी सक्तीची असते हे मला ठाऊक होते. परंतु 2022 ची गाडी गेल्या ऑक्टोबरात घेताना मी टायरची झीज, विमा, सर्व्हिसच्या नोंदी असे सारे तपासले आणि ती पाटी तेवढी वाचली नाही.

लेकीला 18 पूर्ण होऊन परवाना मिळाला, तेव्हा तिचा आग्रह इलेक्ट्रिक गाडीचाच होता. मात्र आमच्या जुन्या सोसायटीत पार्किंगपर्यंत वेगळी वायर ओढण्यास संमती मिळेना, आणि नवशिक्या हातात नवी कोरी गाडी देण्याइतके माझे मन मोठे नाही. धूर कमी, खर्चही कमी, म्हणून कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली वापरलेली हॅचबॅक घेतली. माझ्या वहीतील नोंदींनुसार पुण्याच्या गर्दीत ती किलोला 24 किलोमीटर देते.

पहिले दोन महिने मी पिकअपच्या नावाने बोटे मोडत होतो, कारण कात्रजच्या चढावर ती दुसऱ्या गिअरशिवाय हलत नसे. आता मत बदलले आहे. शिकाऊ चालकाला ओव्हरटेकचा मोह होऊ न देणारे इंजिन हा दोष म्हणायला मी तयार नाही. वेग 80 च्या वर गेला की वाजणारी सूचना लेकीला कटकट वाटते, मला मात्र तेवढाच आधार वाटतो.

चाचणीसाठी टाकी सोडवली, तेव्हा डिकीचा तळ आम्हाला प्रथमच पूर्ण दिसला. तिथे आधीच्या मालकाची एक चप्पल पडलेली होती. टाकी परत येईपर्यंतचे दोन दिवस गाडी पेट्रोलवर धावली आणि किलोमीटरमागचा खर्च दीडपटीच्या वर गेला, जो मला चाचणीच्या बिलापेक्षा अधिक झोंबला. पाटीवर आता 2028 ची तारीख आहे. ज्याच्याकडून गाडी घेतली, त्या विक्रेत्याकडे मी निम्मा खर्च मागितला, तर त्याने आरशाला लटकवायची अत्तराची बाटली हातावर ठेवली. तिच्या वासाने लेकीला मळमळते, म्हणून ती डिकीतच पडून आहे.