एसएमपीएस बिघडला नव्हता, तरी बदलून दिला

सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, माझ्या मामांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, लेटरहेड, पावतीपुस्तकं. कॉम्प्युटर असेम्बल्ड, कोअर टू ड्युओचं जुनं मशीन, विंडोज एक्सपीवर चालणारं. श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि ते चालवायला लागणारं लॉक त्याच मशीनवर आहे आणि जुन्या पत्रिकांच्या फाइलीही त्यातच, म्हणून ते बदलायचं नाव निघत नाही. ऐन लग्नसराईत ते चालू होईना. मामांनी कॅबिनेट उचललं आणि रिपेअरिंगवाल्याकडे नेलं.

त्यानं समोरचं बटण दोनदा दाबलं आणि सांगून टाकलं, "एसएमपीएस गेला की ओ, काका." एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधल्या सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. नवा ४५० वॅटचा १४०० रुपयांना, वर ३०० रुपये सर्व्हिस चार्ज. मामांनी कंपनीचा मागितला, तर म्हणे जुन्या कॅबिनेटला तो बसत नाही, हाच बसतो. ही शुद्ध थाप. साध्या असेम्बल्ड कॅबिनेटमध्ये एटीएक्स मापाचा एसएमपीएस असतो. मागची बाजू १५० बाय ८६ मिलिमीटर, चार स्क्रू. ते माप आजही तेच आहे. मदरबोर्डचं कनेक्टर जुनं २० पिनचं असलं तरी बऱ्याच नव्या एसएमपीएसच्या २४ पिनांतल्या चार सुट्या होतात. माप वेगळं असतं ते काही ब्रँडेड किंवा बारक्या कॅबिनेटांत. मामांचं तसलं नाही.

जुना एसएमपीएस "जळालाय, भंगारात जाणार" म्हणून रिपेअरिंगवाल्याकडेच राहिला. निघताना त्याच्या दुकानातल्या पोरानं सांगितलं, "काका, आता खालच्या छोट्या बटणानं चालू करायचं. मशीन जुनं झालंय ना." हे वाक्य ध्यानात ठेवा.

पुढच्याच आठवड्यात डीव्हीडी राइट करताना मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. मी गेलो तेव्हा चार पिनच्या मोठ्या कनेक्टरवर, पिवळ्या आणि काळ्या वायरवर, मल्टिमीटर लावला. तिथे १२ व्होल्ट हवेत, ११.४ च्या खाली जायला नकोत. राइटर फिरायला लागला की काटा १०.९ वर येत होता. एसएमपीएस बाहेर काढला तर हातात रिकामा डबा घेतल्यासारखं वाटलं. ४५० वॅटच्या स्टिकरचा कोपरा सुटला होता. नखानं ओढला, तर खाली दुसरं स्टिकर: २०० वॅट, १२ व्होल्टला १० अँपिअर.

खरं तर मामांच्या मशीनला ४५० ची गरजही नाही. प्रोसेसर ६५ वॅटचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, दोन हार्डडिस्क. एकेक हार्डडिस्क फिरायला लागताना क्षणभर दोनेक अँपिअर ओढते, तेवढाच काय तो ताण. प्रामाणिक २०० वॅटसुद्धा पुरले असते. हे २०० सुद्धा कागदावरचेच होते.

आता ते छोटं बटण. कॅबिनेट उघडलं तर रीसेट बटणाची वायर मदरबोर्डवर पॉवर स्विचच्या पिनांवर लावलेली. पॉवर स्विचची वायर मोकळी लोंबत होती. म्हणजे समोरचं बटण खराब आहे हे दुकानदाराला सापडलं होतं. वायर बदलून त्यानं मशीन चालूही केलं. फुकटात होणारं ते काम, त्यावर एसएमपीएस खपवला.

मामांना कडाडून भांडता येत नाही. म्हणून आम्ही त्या दुकानात जाऊन जुना परत मागितला नाही, सेकंडहँड एसएमपीएस आहे का विचारलं. मालक बाहेर गेला होता. पोरानं मागून काही आणून ठेवले. त्यातल्या एकावर काळ्या मार्करनं मामांच्या अक्षरात खरेदीची तारीख होती. घरच्या भांड्यांवर नाव घालतात तसं मामा प्रत्येक पार्टवर तारीख घालतात. किंमत सांगितली ८०० रुपये!

तिथेच त्याच्या मदरबोर्डच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला तारेच्या तुकड्यानं जोडायला लावली. तसं केलं की एसएमपीएस मशीनशिवाय चालू होतो. पंखा फिरला. नुसता पंखा फिरला म्हणजे सगळं ठीक असं नसतं, म्हणून मल्टिमीटरही लावला. १२.१. मालक आल्यावर आधी "दुसऱ्याचा असेल" झालं, मग "पोराची चूक" झाली. शेवटी जुना एसएमपीएस आणि १४०० परत मिळाले.

तुमच्याकडे असं झालं तर ही तारेची चाचणी आपल्यासमोर करायला सांगा, तीही मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं टेकवून पाहिल्यावर. त्यानं मशीन चालू झालं तर दोष बटणाचा. नवा घेताना वॅटचा मोठा आकडा सोडा, १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा आणि स्टिकरवर नख फिरवा. जुना पार्ट जळालेला असला तरी घरी आणा. मात्र एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

सर्व्हिस चार्जचे ३०० रुपये मालकानं दिले नाहीत. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार करायची म्हटलं तर मामांकडे कच्ची पावती: कोऱ्या चिठ्ठीवर "एसएमपीएस १, १४००". दुकानाचं नाव नाही, सर्व्हिस चार्जचा उल्लेखही नाही. ते पैसे अजून त्याच्याकडेच आहेत.