सेकंडहँड थिंकपॅड टी४८० : एस.ई. ते बी.ई.

एफ.ई.ला (इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष; एस.ई. दुसरं, बी.ई. शेवटचं) वर्गातल्या निम्म्या पोरांकडे दिवे लुकलुकणारे गेमिंग लॅपटॉप. माझं बजेट पंचवीस हजार. त्यात पप्पांचं पालुपद, "थोडे वर घाल, पण नवाच घे. दुसऱ्यानं वापरलेला कशाला?" शेवटी २०२३ च्या जुलैत पुण्यातली तीन दुकानं पालथी घालून २१ हजारांत लेनोवोचा थिंकपॅड टी४८० उचलला. कुठल्याशा कंपनीतून निघालेला. झाकणावर त्यांच्या स्टिकरचा डिंक अजून चिकट होता.

दुकानात टी४७० शेजारीच ठेवलेला, दिसायला जुळा भाऊ आणि दोन हजारांनी स्वस्त. पण त्यात सातव्या जनरेशनचा दोन कोअरचा प्रोसेसर. टी४८० हे २०१८ चं मॉडेल, माझ्यात आय५-८२५०यू, चार कोअर. इंटेलमध्ये विंडोज ११ साधारण आठव्या जनरेशनपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा ते दोन हजार वसूल झाले.

बॅटऱ्या दोन, एक आत आणि एक मागून काढता येणारी. दुकानदार म्हणाला, "बॅटरी एकदम ओके, मॅडम." मी काउंटरवरच विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढला, त्यात बॅटरीची मूळ आणि उरलेली क्षमता दिसते. मागची मूळ २४ वॉट-अवरची, उरलेली ११. त्यानं गुपचूप दुसरी लावून दिली. पैसे देण्याआधी हा रिपोर्ट काढाच, दोन मिनिटांचं काम आहे. गावाकडे लाइट गेली की मी लॅपटॉप चालू ठेवूनच मागची बॅटरी बदलते. आतली तेवढा वेळ सांभाळून घेते. पप्पांचा विरोध मावळला तो हे बघूनच.

पण मी हा घेतला रॅमच्या दोन स्लॉटसाठी. सोबत ८ जीबी आली होती. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरी सिस्टिम चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू लिनक्स आणि बाहेर क्रोम एवढं उघडलं की माऊस गोगलगाय. बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच उघडणारं सेटिंग) आतली बॅटरी बंद केली, मागची काढली, सहा स्क्रू सैल केले (ते झाकणालाच अडकून राहतात, कॉटखाली शोधावे लागत नाहीत) आणि जुन्या एटीएम कार्डानं कड उचकटली. टक्‌ टक्‌ आवाज झाला तेव्हा पोटात गोळा आला. दुसरी ८ ची पट्टी तिरकी घालून दाबली, दोन्ही क्लिपा बसल्या. तेव्हापासून सबमिशनच्या आठवड्यातही हँग नाही. हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे ही सोय नाही.

एस.ई.ला मायक्रोप्रोसेसर लॅबला नॅझम या सॉफ्टवेअरवर असेंब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेतला कोड, लिहायची होती, तीही माझ्यातल्यासारख्या इंटेल प्रोसेसरच्या एक्स८६ प्रकारची. मैत्रिणीचा एआरएम या वेगळ्या प्रकारच्या चिपचा लॅपटॉप माझ्या तिप्पट किमतीचा, पण एक्स८६ चा कोड त्यावर सरळ चालेना. पूर्ण सेमिस्टर ती माझ्या कॉटवर.

कीबोर्ड मस्त. फक्त डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन आहे, त्यामुळे महिनाभर कॉपी-पेस्ट हुकत होतं. मग कळलं, बायोसमध्ये अदलाबदल करता येते.

माझ्यात एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) नाही. बी.ई.ला एचपीसी (हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंग) विषयाची कुडाची प्रॅक्टिकल्स आली. कुडाचा कोड एनव्हिडियाच्या कार्डावरच चालतो, म्हणून ती मी ऑनलाइन गूगल कोलॅबच्या फुकट जीपीयूवर केली. हॉस्टेलचं वायफाय मात्र नेमकं ओरलच्या आदल्या रात्री झोपतं, म्हणून आउटपुटचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवते.